फंड, ग्रँट, स्पॉन्सर, सबसिडी: पैशाच्या पाठबळाचे इंग्रजी शब्द नेमके कसे वापरायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या संस्थांना अर्ज आणि प्रस्ताव लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. गावातली वाचनालयं, बचत गट, हौशी नाट्यसंस्था, एखादी शाळा. एका बचत गटाच्या बैठकीत मी ग्रँट, लोन आणि सबसिडी यांतला फरक फळ्यावर लिहून समजावत होते. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, इंग्रजीत काय म्हणतात ते राहू दे. हा पैसा परत करायचा का, तेवढं सांग."

त्या दिवसापासून मी प्रत्येक शब्दाला हाच प्रश्न विचारते. पैसा मिळाला की त्याच्या बदल्यात काय द्यायचं, कुणाला आणि कधी? खालची सगळी उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

फंड, फंड्स आणि फंडिंग हे एकच ना?

नाही. पण गोंधळ का होतो ते कळतं, कारण 'फंड' हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच मराठी झाला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं, तो 'मुष्टिफंड'. 1921 साली एक कोटी रुपयांचं लक्ष्य ठेवून 'टिळक स्वराज्य फंड' गोळा झाला. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ते आपल्याकडे या नावांनी चालत होतं.

कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस "फंड मिळाला" म्हणतो तेव्हा तो प्रॉव्हिडंट फंड असतो. गावात "खासदार फंडातून रस्ता झाला" म्हणतात तेव्हा अर्थ आणखी वेगळा. 1993 साली सुरू झालेल्या या योजनेत दर खासदारामागे वर्षाला पाच कोटी रुपयांची तरतूद असते, पण ते पैसे खासदाराच्या हाती कधीच येत नाहीत. खासदार फक्त कामाची शिफारस करतात. पुढची मंजुरी आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे. म्हणून "खासदारांनी फंड दिला" असं आपण म्हणत असलो तरी अर्जात 'खासदार निधीतून काम सुचवण्याबाबत विनंती' असंच लिहावं.

इंग्रजीत 'फंड' म्हणजे एका कामासाठी वेगळी काढलेली रक्कम. 'फंड्स' म्हणजे हाताशी असलेला पैसा. 'फंडिंग' म्हणजे पैशाचा पुरवठा. 'फंडिंग' मोजता येत नाही, त्यामुळे 'टू फंडिंग्ज' किंवा 'अ फंडिंग' असं लिहू नये. 'वी हॅव नो फंड' असं लिहिलं की आपला असा निधीच अस्तित्वात नाही असा अर्थ होतो. पैसे संपलेत असं सांगायचं असेल तर 'वी हॅव नो फंड्स'.

ग्रँट म्हणजे देणगीच, फक्त सरकारी, असं म्हटलं तर चालेल?

चालणार नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. देणगी दिली की देणारा बाजूला होतो. ग्रँट देणारा काम पूर्ण होईपर्यंत शेजारी उभा असतो. रक्कम ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत खर्चायची, हिशेब द्यायचा, उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचं. त्याला सगळे 'यूसी' म्हणतात. उरलेली रक्कम बहुतेक वेळा परत करायची. म्हणजे मावशींच्या प्रश्नाला उत्तर असं: पैसे परत द्यायचे नाहीत, पण काम आणि कागद द्यायचे.

शब्दाचं मूळही याच्याशी जुळतं. 'ग्रँट' आणि 'क्रेडिट' दोन्ही लॅटिनमधल्या विश्वास ठेवणे या अर्थाच्या एकाच क्रियापदापर्यंत जातात.

'ग्रँट-इन-एड' ही पद्धत भारतातल्या शिक्षणात 1854च्या वुडच्या खलित्याने आणली. सरकारने सगळ्या शाळा स्वतः न चालवता खाजगी शाळांना अटींवर मदत द्यायची, ही ती कल्पना. महाराष्ट्रात आजही शिक्षकांचं अख्खं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरतं. अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, वीस टक्के, चाळीस टक्के. "शाळा ग्रँटवर आली" हे वाक्य ऐकताना शिक्षकांच्या घरात काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. अनेक वर्षं बिनपगारी शिकवलेल्या माणसाला 'टप्पा अनुदान' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ग्रँटच्या प्रस्तावात 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' हे शब्द दिसतील. पहिल्यात पैसा त्याच कामाला बांधलेला असतो. पुस्तकांसाठी आलेल्या पैशातून वीजबिल भरता येत नाही, बिल कितीही थकलेलं असो. दुसऱ्यात संस्थेला मोकळीक असते. असा पैसा दुर्मिळ, आणि माझ्या मते संस्थांना सर्वांत गरज त्याचीच आहे, कारण भाडं, पगार आणि वीज यांच्यासाठी पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही.

मग डोनेशन हा शब्द पत्रात वापरावा का?

इंग्रजी पत्रात जरूर वापरा. मराठीत बोलताना जपून. आपल्याकडे 'डोनेशन' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो शाळा-कॉलेजचा प्रवेश आणि बंद पाकीट. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा महाराष्ट्राचा कायदा 1987चा आहे, तरी बोलण्यातला हा अर्थ गेलेला नाही. त्यामुळे गावात "डोनेशन हवंय" म्हणण्यापेक्षा "देणगी हवी आहे" म्हणा. तो शब्द स्वच्छ राहिला आहे.

गणपतीची वर्गणी ही इंग्रजीत 'कॉन्ट्रिब्यूशन'. वर्गणीत सगळे मिळून वाटा उचलतात, देणगी एकटा देतो. मात्र वाचनालयाची मासिक वर्गणी म्हणजे 'सबस्क्रिप्शन', कारण तिच्या बदल्यात पुस्तकं मिळतात.

देणगीवर आयकरात मिळणारी सवलत (तिला सगळे 80जी म्हणतात) हवी असणाऱ्या देणगीदाराला आधीच सांगा की दोन हजार रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन घ्या. पावती फाडून झाल्यावर हे कळलं की संबंध बिघडतात.

कंपनीकडे स्पॉन्सरशिप मागायची की ग्रँट?

इथे जरा थांबते, कारण ही चूक माझ्या देखत झाली.

कोकणातल्या एका 'क' वर्ग वाचनालयाला बालविभागासाठी कपाटं आणि एक संगणक हवा होता. जुन्या कौलारू इमारतीत मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचायची, आणि गोष्टींची पुस्तकं खोक्यांत होती. समितीने एका कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात 'स्पॉन्सरशिप' हा शब्द चार वेळा होता. पत्र पाठवण्याआधी माझ्या नजरेखालून गेलं होतं आणि मी तो शब्द बदलला नाही. कंपनीने ते जाहिरात विभागाकडे पाठवलं. तिथून विचारणा आली की लोगो कुठे लागणार, रोज किती लोक येतात, स्थानिक केबलवर नाव दिसेल का. समितीतल्या गुरुजींना उत्तर सुचेना. हे पत्र सामाजिक कामाच्या विभागाकडे जायला हवं होतं, हे उमगेपर्यंत 31 मार्च उलटून गेला होता. पुढच्या वर्षी 'ग्रँट' असा शब्द घालून, हिशेब देण्याची तयारी लिहून तेच पत्र पाठवलं आणि कपाटं आली. एक वर्ष मुलांचं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्पॉन्सरशिप हा व्यवहार आहे. पैशाच्या बदल्यात नाव झळकवायचं. ग्रँट किंवा देणगीत तसं नसतं. कायद्यातही हा फरक स्पष्ट आहे. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यालाच आपण सीएसआर म्हणतो. पण आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून स्पॉन्सरशिपच्या रूपात केलेला खर्च नियमांनी यातून वगळला आहे. म्हणजे सीएसआर विभागाला 'स्पॉन्सर करा' असं लिहिणं म्हणजे त्यांना जे करता येत नाही तेच मागणं. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-1 नोंदणीही लागते. ती आधी करून ठेवा.

देणगीदाराचं नाव लावलं तर ती स्पॉन्सरशिप होते का?

देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवरची नावं आठवा. 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' असं पाटीवर, फरशीवर, बाकावर लिहिलेलं असतं. यावर जीएसटी लागतो का हा प्रश्न खरोखर उपस्थित झाला होता, आणि 2019च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने परिपत्रक काढून उत्तर दिलं. त्यात उदाहरणं आहेत. योग शिकवणाऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली देणाऱ्याच्या नावाने शुभेच्छा छापल्या आहेत. किंवा देवळातल्या खोलीच्या दारावर वा फरशीवर, वडिलांच्या स्मरणार्थ अमुक बाईंनी दिलं असं लिहिलं आहे. यात देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात नाही, उद्देश दानाचा आहे आणि नाव फक्त कृतज्ञतेपोटी लावलं आहे, म्हणून कर नाही.

त्याच पंख्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि 'सर्व प्रकारचे फर्निचर मिळेल' असं आलं की ती जाहिरात झाली. मंडळाच्या कमानीवरचा बोर्डही तसाच. तिथे 'स्पॉन्सर्ड बाय' हेच बरोबर, आणि कराचा विचार करावा लागतो. माझा सल्ला असा की देणगीच्या पाटीवर माणसाचं नाव असावं, धंद्याचं नको.

सबसिडी म्हणजे फुकटचा पैसा ना?

तो तुमच्या खर्चातला सरकारने उचललेला वाटा. उरलेला तुम्हालाच भरायचा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. नवा उद्योग सुरू करणाऱ्याला प्रवर्ग आणि ठिकाणाप्रमाणे प्रकल्पखर्चाच्या 15 ते 35 टक्के सबसिडी मिळते. पाच किंवा दहा टक्के स्वतःचे घालायचे. बाकी बँकेचं कर्ज.

सबसिडी आली की ती आपल्या हातात पडेल असं लोकांना वाटतं. पण ती 'बॅक-एंडेड' असते. बँक ती तीन वर्षं आपल्याकडे वेगळी ठेवते. त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. उद्योग चालू असल्याची तपासणी झाली की ती कर्जखात्यात वळती होते. मधेच उद्योग बंद पडला तर सबसिडी हातची जाऊ शकते. पापड-मसाल्याचं यंत्र घेणाऱ्या कितीतरी बायकांना हे हप्ते सुरू झाल्यावर कळलं. 'बॅक-एंडेड'ला मी मराठीत 'मागाहून वळती होणारी' म्हणते. लांबलचक आहे, पण कुणी फसत नाही.

आणि मुद्रा हे कर्जच आहे. तारण लागत नाही एवढंच. "मुद्रा मिळाली" या वाक्यामुळे बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं, म्हणून सांगितलं.

सँक्शन झालं म्हणजे पैसे आले का?

अजून नाही. सरकारी कामात तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि शेवटी निधी वितरण असे टप्पे असतात. शासन निर्णयात 'मान्यता देण्यात येत आहे' आणि 'निधी वितरित करण्यास मान्यता देण्यात येत आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाचून सुतार बोलावू नका. इंग्रजीत यांना 'सँक्शन' आणि 'डिसबर्समेंट' म्हणतात. पैसे तुकड्यांत येणार असतील तर प्रत्येक तुकडा 'ट्रान्च' किंवा 'इन्स्टॉलमेंट'. मराठीत सरळ हप्ता.

बातम्यांत 'सँक्शन्स' आलं की मात्र अर्थ उलटा. एखाद्या देशावर लादलेले निर्बंध.

कॉर्पस आणि एंडोमेंट यांत काय फरक?

दोन्हीत मूळ रक्कम जपायची आणि व्याजावर काम चालवायचं. 'कॉर्पस' म्हणजे संस्थेचा कायम निधी. 'गंगाजळी' हा आपला सुंदर शब्द राखीव साठ्यासाठी, पण जवळचाच. देणगी कॉर्पससाठी आहे असं देणगीदाराने स्पष्ट लिहून द्यायला हवं. ते पत्र फाइलला नसेल तर हिशेबात अडचण येते. 'एंडोमेंट'मध्ये बहुधा एक ठरावीक हेतू किंवा नाव जोडलेलं असतं. एखादं पारितोषिक, एखादी व्याख्यानमाला. देवस्थानाला लावून दिलेलं जुन्या काळचं वर्षासन याच कुळातलं.

नावासकट दिलेल्या मोठ्या देणगीचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे महर्षी कर्वे यांचं महिला विद्यापीठ. 1916 साली ते सुरू झालं. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. एसएनडीटी ही अक्षरं तिथली.

एंजल, सीड, व्हेंचर कॅपिटल हे शब्द आमच्या संस्थेने वापरावेत का?

सार्वजनिक न्यास असाल तर नाही. हे शब्द मालकी विकण्याशी जोडलेले आहेत. 'इक्विटी' घेणारा तुमच्या धंद्यात वाटेकरी होतो आणि न्यासात विकायला वाटाच नसतो. 'एंजल' हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून आला. बुडण्याची शक्यता असलेल्या नाटकात पैसे घालणाऱ्यांना तिथे एंजल म्हणत.

'सीड' शब्दाबाबत सावध राहा, कारण त्यातून पैशाचा प्रकार कळत नाही. 2021च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत ग्रँट आहे आणि पुढे बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंतची मदत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या (पुढे मालकीच्या वाट्यात बदलता येणाऱ्या रोख्यांच्या) रूपात आहे. नाव एकच, आणि मावशींच्या प्रश्नाला उत्तरं दोन.

स्कॉलरशिप, फेलोशिप, स्टायपेंड?

स्कॉलरशिप शिकण्यासाठी, फेलोशिप ठरलेलं संशोधन किंवा काम करण्यासाठी, स्टायपेंड शिकाऊ काळातला निर्वाह. स्टायपेंडला पगार म्हणू नये. 'बर्सरी' हा ब्रिटिश वापर. ती बहुधा गुणांपेक्षा गरज पाहून मिळते.

स्कॉलरशिपलाही बंधन असू शकतं. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना बी.ए.साठी महिना 25 रुपये दिले, आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड. त्या वेळी करार झाला होता की परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. इंग्रजीत याला 'बाँड' म्हणतात. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी सांगते, 'बाँड' शब्द शोध आणि तो परिच्छेद दोनदा वाच.

बॅक करणे, बँकरोल, अंडरराइट, गॅरंटी यांत काय निवडावं?

'बॅक' म्हणजे पाठीशी उभं राहणं. पैसा असेल, शब्दाचं वजनही असेल. आपलं 'पाठबळ' अगदी तेच. 'बँकरोल' बोलीतला शब्द आहे, अर्जात नको. त्यात कुणीतरी पडद्यामागून पैसा पुरवतो अशी छटा येते. 'अंडरराइट' म्हणजे तोटा आला तर मी सोसेन असं सही करून सांगणं.

गॅरंटर म्हणजे जामीन. "फक्त सही करायची आहे" असं म्हणून जो जामीन मागतो, त्याला आधी 1872च्या करार कायद्याचं कलम 128 दाखवा. वेगळी अट घातलेली नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते.

इंग्रजी पत्रात हमखास चुकतं ते कुठे?

'एड' म्हणजे मदत. तिचं अनेकवचन करून 'एड्स' लिहू नका. 'लेंड' म्हणजे देणे, 'बॉरो' म्हणजे घेणे. मराठीत दोन्हीकडे 'उसने' असल्यामुळे घोटाळा होतो. 'बेनिफॅक्टर' दाता, 'बेनिफिशिअरी' लाभार्थी. आभाराच्या पत्रात हे उलटं झालेलं मी पाहिलं आहे. 'डोनेट अस' चुकीचं, 'डोनेट टू अस' बरोबर. 'स्पॉन्सर'ला मात्र 'टू' लागत नाही. 'चॅरिटी' शब्द मागताना टाळा. तो देणाऱ्याला उंच आणि आपल्याला खाली बसवतो.

अमेरिकेतला भाचा वाचनालयाला पैसे पाठवतो म्हणतोय. ही साधी देणगी का?

आधी त्याला पासपोर्ट कुठला आहे ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती साधी देणगी. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचा पैसा कायद्याच्या भाषेत 'फॉरेन कॉन्ट्रिब्यूशन' ठरतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी फरक पडत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने पाठवलेल्या पैशालाही हेच लागू.

असा पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून "शेजारच्या ट्रस्टकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात घेऊन आपल्याकडे वळवू" हा मार्ग बंद आहे. भाच्याची आई इथेच असेल आणि तिला स्वतःच्या पैशातून काही द्यायचं असेल तर तिच्या नावाने पावती फाडा. भाचा सुट्टीत आला की त्याला बालविभाग दाखवा.